पूरमैदान की जुनी गाळपायरी? कृष्णाकाठच्या एका गावाच्या नकाशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या एका मोठ्या वळणावर हे गाव आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही अंतरं आणि खुणाही थोड्या बदलल्या आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत गावात पाणी शिरलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्यानंतर सखल भागातल्या कुटुंबांना हलवायची चर्चा गावात सुरू झाली आणि दोन जागा पुढे आल्या. पहिली ओढ्यापलीकडच्या काळ्या रानात होती. ती सपाट, रस्त्याला लागून आणि गावाजवळ होती. दुसरी दीडेक किलोमीटरवर, माळाच्या पायथ्याशी, मुरमाड जमिनीवर. तिथे पाण्याची सोय नव्हती, त्यामुळे ती कुणालाच मनापासून नको होती.

त्याच हिवाळ्यात एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाची एम.एस्सी.ची मुलं या पट्ट्याचं क्षेत्र-मापन करत होती. त्यांचा नकाशा तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. मुळात हा अभ्यासक्रमातला नकाशा होता, गुणांसाठी केलेला. पण एक दिवस सरपंचांनी मुलांना गाठून विचारलं, "तुमच्या नकाशात आमची नवी जागा पुराच्या पट्ट्यात येत्या का न्हाई, तेवढं सांगा." तिथून नकाशाला वेगळंच वजन आलं.

इथल्या जमिनीची घडण थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. तळाशी दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर कृष्णेनं आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांनी आणून टाकलेला गाळ: खाली गोटे आणि वाळू, बरेचदा चुन्यानं घट्ट बांधलेले; वर पिवळट तपकिरी पोयटा; आणि सगळ्यात वर काळी जमीन. आजची कृष्णा या गाळावरून वाहत नाही, तो कापून त्याच्या आत खोल वाहते. उन्हाळ्यात पात्रात उतरलं की दोन्ही बाजूंना बारा-चौदा मीटर उंच मातीच्या दरडी उभ्या दिसतात आणि तळाला अधूनमधून काळा पाषाण उघडा पडलेला असतो. पाठ्यपुस्तकातलं चित्र असं असतं: नदी, तिच्या काठी नैसर्गिक बांध (पुराच्या गाळानं तयार झालेला उंचवटा), त्यामागे दूरवर पसरलेलं पूरमैदान, आणि दरवर्षी काठ ओलांडून जाणारं पाणी. ते चित्र गंगेच्या मैदानातलं आहे. दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक नद्यांना ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

अडचण

मुलांनी पहिला कच्चा नकाशा १:५०,०००च्या टोपोशीटवर, म्हणजे उंचसखलपणा दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर, केला होता. नदीच्या दोन्ही बाजूंचा सपाट पट्टा, माळाच्या चढापर्यंत, त्यांनी एकाच पिवळ्या रंगात भरला आणि त्याला 'पूरमैदान' असं नाव दिलं. उपग्रहाच्या चित्रात तो पट्टा एकसारखा हिरवा दिसतो, कारण सगळीकडे ऊस आहे. लहान प्रमाणाच्या भूवैज्ञानिक नकाशांवरही नदीकाठचा गाळ बहुधा एकाच रंगात असतो. त्यामुळे तेवढ्यापुरती त्यांची कृती समजण्यासारखी होती.

क्षेत्रात मात्र जमीन वेगळंच सांगत होती. पात्राच्या आतल्या अंगाला, उंच दरडीच्या पायथ्याशी, एक अरुंद सपाट पायरी होती. उन्हाळी पाण्यापासून ती सहा-सात मीटर उंच असेल. लोक तिला मळी म्हणतात. तिथे वांगी आणि भाजीपाला होतो आणि बहुतेक पावसाळ्यांत ती पाण्याखाली जाते. तिच्या मागे दरड चढून गेलं की वरचं विस्तीर्ण काळं रान लागतं, पाण्यापासून तेरा-चौदा मीटरवर. दोन्ही सपाट आणि दोन्ही गाळाच्याच. यातलं पूरमैदान कोणतं?

मुलांमध्ये दोन तट पडले. एक गट म्हणाला, फक्त मळी हेच पूरमैदान. वरचं रान म्हणजे नदीनं फार पूर्वी बांधलेली आणि आता सोडून दिलेली गाळपायरी, टेरेस. दुसऱ्या गटानं गावातल्या शाळेची भिंत दाखवली. तिच्यावर २०१९च्या पाण्याची रेघ अजून स्पष्ट होती आणि शाळा वरच्या सपाटीवर आहे. पाणी जिथे पोहोचतं ते पूरमैदान नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

सरपंचांचा प्रश्न नेमका याच फटीत सापडला होता. नकाशावर वरच्या रानाला 'जुनी पायरी' असं लिहिलं, तर वाचणारा 'सुरक्षित' असंच समजणार. पंचायतीला पसंत असलेली पहिली जागा त्याच रानात होती.

समोरचे पर्याय

सगळा गाळ एकाच रंगात ठेवावा हा पर्याय लगेच बाद झाला. त्यात चूक काही नव्हती, पण माहितीही काही नव्हती.

भूशास्त्राच्या शिस्तीत बसणारा पर्याय म्हणजे निर्मितीवरून भेद करणं. आजची नदी जिथे आजही गाळ साठवते तेवढंच पूरमैदान, बाकी पायरी. याच्या बाजूनं पुरावा भरपूर होता. मळीच्या कडेला, वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यात, बोटभर जाडीचे थर एकावर एक दिसत होते. प्रत्येक थराच्या तळाशी बारीक वाळू आणि वर पोयटा, म्हणजे एकेका पुराची एकेक नोंद. फूटभर खाली प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे आणि पाऊचची चकाकती कागदं थरात अडकलेली होती. वय ठरवायला यापेक्षा स्वस्त साधन नाही: तो गाळ गेल्या काही दशकांतलाच असणार. वरच्या रानातल्या विहिरींच्या कडांमध्ये मात्र थर दिसत नव्हते. वर दीड-दोन मीटर काळी माती होती. तिच्यात खोल भेगा आणि एकमेकांवर घासून चकचकीत झालेले ढेकळांचे पृष्ठभाग दिसत होते, आणि खाली चुनखडीचे खडे भरलेला पोयटा होता. असे खडे जमायला आणि अशी माती मुरायला हजारो वर्षं लागतात. त्या काळात तिथे जाड गाळ बसत राहिला असता, तर माती मुरायला सवड मिळालीच नसती.

तिसरा पर्याय पाण्याचाच होता. २०१९चं पाणी जिथवर पोहोचलं ती रेघ काढायची आणि तिच्या आत सगळं पूरमैदान. गावकऱ्यांना हाच पटणारा होता. पण त्यानं नकाशाचा पाया बदलतो. पुढचा पूर मोठा आला की सीमा सरकणार, आणि मग तो दगडमातीचा नकाशा उरत नाही, एका घटनेचा नकाशा होतो. शिवाय पूररेषा आखण्याचं काम जलसंपदा विभागाचं आहे. त्यांची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. विद्यार्थ्यांच्या नकाशानं तिची जागा घेऊ नये.

चौथा पर्याय चर्चेतून निघाला: दोन्ही गोष्टी नोंदवायच्या, पण वेगवेगळ्या. जमीन कुणी आणि केव्हा बांधली ते रंगानं दाखवायचं. पाणी कुठवर गेलं ते वेगळ्या तुटक रेषेनं, वर्ष लिहून. एका मुलीनं आक्षेप घेतला की अशानं नकाशा गिचमिड होईल. तो खोटा नव्हता. १:५०,०००वर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर, आणि मळी काही ठिकाणी तेवढीच रुंद. म्हणून हा पर्याय घ्यायचा तर प्रमाणही बदलावं लागणार होतं.

निर्णयाच्या जागा

चौथा पर्याय ठरला आणि नकाशा १:१०,०००वर नव्यानं सुरू झाला. त्यात चार ठिकाणी थांबून विचार करावा लागला. खरं शिकण्यासारखं तिथेच आहे.

पहिली जागा म्हणजे काळ्या रानातल्या 'न दिसणाऱ्या' पुराची. वरच्या रानात पुराचे थर सापडत नाहीत, म्हणून तिथे पूर येत नाही, असा निष्कर्ष एका गटानं अहवालात लिहूनही टाकला होता. वरवर तो तर्कशुद्ध वाटतो. पण काळ्या जमिनीचा स्वभाव लक्षात घेतला की तो ढासळतो. ही जमीन उन्हाळ्यात तडकते, भेगा हातभर खोल जातात, आणि वरची माती त्या भेगांत पडते. पावसात ती फुगते आणि सगळं वरखाली होतं. २०१९च्या पुरानं इथे सोडलेला साका फार तर बोटाच्या पेराएवढा होता, असं शेतकरी सांगत होते. नांगर फिरल्यावर आणि एक उन्हाळा गेल्यावर तो कुठे शोधायचा? काळी जमीन पुराचा पुरावा स्वतःच गिळते. दख्खनमध्ये मापन करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला फार कळकळीनं वाटतं. तिथे थर नसणं हा 'पूर नाही' याचा पुरावा होत नाही. तो फक्त 'जाड गाळ बसत नाही' याचा पुरावा आहे. अहवालातलं वाक्य बदललं गेलं.

दुसरी जागा गावठाणाची. गाव नदीच्या अगदी काठावर आहे आणि मागच्या रानापेक्षा दीड-दोन मीटर उंच. आधीच्या नकाशात त्या उंचवट्याला 'नैसर्गिक बांध' म्हटलं होतं. नदीच्या काठाला समांतर, मागे उतरत जाणारा, म्हणून ते पटण्यासारखं होतं. पण एका पडक्या वाड्याच्या पायाजवळ माती तपासली तेव्हा ती राखाडी पांढरी निघाली, भुसभुशीत, खापरांच्या तुकड्यांनी आणि राखेनं भरलेली. ती गावाची पांढरी होती. पिढ्यान्‌पिढ्या घरं पडली, त्यांच्यावरच नवी उभी राहिली आणि जमीन चढत गेली. नदीचा त्यात काही हात नाही. खऱ्या बांधात वाळूमिश्रित पोयटा मिळतो आणि नदीपासून दूर जाताना कण बारीक होत जातात. तसं इथे काहीच नव्हतं. उंचवटा 'मानवनिर्मित भर' म्हणून वेगळा काढला.

तिसऱ्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. उपग्रहाच्या चित्रात वरच्या रानात दोन ओलसर गडद पट्टे दिसत होते, एक नदीच्या वळणाला समांतर वाकलेला, दुसरा रस्त्याच्या कडेला पसरट. दोन्हींना मुलांनी 'जुनं पात्र' म्हटलं. उंचीसाठी त्यांनी एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारनं केलेल्या उंचीमापनाचा, आधार घेतला होता. पण ते मापन फेब्रुवारी २०००मधलं, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातलं. काही फड उभे, काही तोडलेले. तीन-चार मीटर उंचीचं पीक आणि मापनातली काही मीटरची चूक एकत्र आली की मीटर-दीड मीटरच्या लवणाबद्दल, म्हणजे खोलगट भागाबद्दल, त्यातून काहीच ठरवता येत नाही. म्हणून ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, भोकं पाडली. वाकलेल्या पट्ट्यात वर चिकट राखाडी चिकणमाती आणि तीन मीटरच्या आसपास वाळू लागली, बारीक गोट्यांसकट. हे नदीचं सोडलेलं पात्र होतं. रस्त्याकडेच्या पट्ट्यात शेवटपर्यंत एकच काळी माती, आणि वर पांढरं मीठ फुटलेलं. ती चिबड झालेली, क्षारपड जमीन होती. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी दिल्याचा तो परिणाम, नदीचा नव्हे. कृष्णाकाठी ही गल्लत फार होते आणि ती चित्रावरून सुटत नाही.

चौथी जागा ओढ्याची, आणि ती सुटली एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे. मुलं नदीच्या काठावर पाण्याच्या खुणा शोधत होती. ते बांधावर बसून बघत होते. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, पूर आला की पाणी इथून वर चढतं ना?"

"न्हाई गं पोरी. म्होरनं पाणी उशिरा येतंय. आधी मागनं येतंय, ओढ्यातनं. नदी फुगली की ओढ्याला वाट गावत न्हाई. मग त्यो उलटा वाहतोय, आन् आमच्या मागच्या रानात पसरतोय."

त्यांनी सांगितलेली वाट मुलांनी चालून काढली. ओढा ज्या लवणातून जातो ते नदीपासून दूर असूनही नदीकाठच्या रानापेक्षा दोनेक मीटर सखल निघालं, आणि वाकलेल्या जुन्या पात्राचं एक टोक त्याला जोडलेलं होतं. कृष्णेचं पाणी दरडीवरून ओसंडायच्या कितीतरी आधी मागच्या दारानं रानात शिरत होतं. नदीपासूनचं अंतर बघून धोका ठरवला असता, तर ओढ्यापलीकडची पहिली जागा कमी धोक्याची ठरली असती. ती नदीपासून बरीच लांब होती, आणि नेमकी त्या लवणाच्या काठावर होती.

काय केलं

शाळेच्या भिंतीवरची २०१९ची रेघ हा आधारबिंदू धरून लेव्हलिंग, म्हणजे उंचीतल्या फरकाचं मापन, केलं गेलं. तिथून मळी, वरचं रान, ओढ्याचं लवण आणि दोन्ही प्रस्तावित जागांपर्यंत उंची नेली. नुसत्या आठवणीवर विसंबायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून दुसरीकडे पाण्याच्या जितक्या खुणा सापडल्या, म्हणजे विजेच्या खांबावर लावलेला रंग, देवळाच्या ओवरीतली रेघ, घरांच्या आतल्या भिंती, त्या सगळ्या त्याच लेव्हलला जोडून पडताळल्या. एक-दोन खुणा जुळल्या नाहीत. त्या वगळल्या आणि का वगळल्या ते अहवालात लिहिलं.

अंतिम नकाशात जमिनीचे पाच गट झाले: आजचं पात्र आणि वाळू, मळी म्हणजे चालू पूरमैदान, वरची जुनी गाळपायरी, तिच्यातलं सोडलेलं पात्र आणि ओढ्याचं लवण, आणि गावाची पांढरी. त्यावर निळ्या तुटक रेषेनं २०१९च्या पाण्याची सीमा, आणि ओढ्यातून मागे येणाऱ्या पाण्याची दिशा बाणांनी. जुन्या पायरीच्या सूचीत मुलांनी सरळ लिहिलं: 'आजच्या नदीनं बांधलेली नाही, मोठ्या पुरात पाण्याखाली जाते.' दोन्ही अर्धी वाक्यं एकाच ओळीत यावीत असा मी आग्रह धरला होता.

परिणाम

पहिली जागा २०१९च्या पाण्याखाली सव्वा ते दीड मीटर येत होती. ओढ्याचं तुंबलेलं पाणी तिथे गावाच्या आधी पोहोचणार होतं. मुलांनी नकाशा ग्रामसभेत दाखवला. पहिल्या जागेच्या बाजूनं बोलणारे होतेच. मुरमाड माळावर राहायचं म्हणजे पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, गुरांची आबाळ, शेतापासून अंतर, आणि ही तक्रार रास्त होती. पण लेव्हलच्या आकड्यांवर कुणी शंका घेतली नाही, कारण ती रेघ त्यांच्याच शाळेच्या भिंतीवरची होती. सभेनं माळाच्या जागेची मागणी वर पाठवली आणि पूररेषेबद्दल जलसंपदा विभागाचा अभिप्राय मागवला. हे लिहिताना प्रत्यक्ष घरं उभी राहिलेली नाहीत. अशी कामं किती रेंगाळतात ते कृष्णाकाठच्या लोकांना सांगायला नको. काळ्या रानातल्या जागेचा विषय मात्र मागे पडला.

गावातल्या काही लोकांनी नकाशाची प्रत मागून घेतली, ती वेगळ्याच कारणासाठी. सोडलेल्या पात्राखालची वाळू कळल्यावर विहीर कुठे खणावी याचा अंदाज त्यांना आला.

पुन्हा करायचं तर

ओढ्याकडे पहिल्या दिवसापासून बघायला हवं. मुख्य नदीवर नजर खिळते आणि पुराचं पाणी ज्या लहान वाटांनी आत येतं त्या नकाशात शेवटी येतात. क्रम उलटा केला असता, आधी ओढे आणि लवणं, मग काठ, तर जुन्या पात्राचा आणि लवणाचा संबंध खूप आधी दिसला असता.

वरच्या पायरीचं वय आपण 'हजारो वर्षं' इतकंच म्हणू शकलो. गाळातल्या वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते मोजणारी ओएसएल पद्धत वापरली असती, तर आकडा मिळाला असता, पण पदव्युत्तर प्रकल्पाच्या पैशात ते बसत नाही. त्यापेक्षा स्वस्त आणि करता येण्याजोगी एक गोष्ट राहून गेली. दरडीच्या तळाच्या चुनखडीनं बांधलेल्या गोट्यांमध्ये दगडी हत्यारं आहेत का, हे पद्धतशीर बघायला हवं होतं. प्रवरेकाठी नेवाशाला अशाच सिमेंट झालेल्या गोट्यांतून पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि त्यावरून त्या गाळाच्या जुनेपणाचा अंदाज बांधता आला. डेक्कन कॉलेजमध्ये शरद राजगुरूंनी दख्खनच्या नद्यांचा गाळ आणि माणसाची वस्ती यांचा एकत्र विचार करायला शिकवलं. ती दृष्टी आपल्या भूशास्त्र विभागांत अजून पुरेशी पोहोचलेली नाही.

आणखी एक बदल मी पुढच्या तुकडीसाठी केला आहे. नकाशाच्या सूचीत 'पूरमैदान' हा गट वापरायचा असेल, तर त्यासोबत दोन रकाने भरायचेच: 'ही जमीन कोणत्या गाळानं बांधली' आणि 'पाणी शेवटचं कधी, कुठून आलं'. दुसऱ्या रकान्यासाठी गावातल्या किमान दोन घरांशी बोलायचं. त्यातलं एक घर नदीकाठचं नसावं, मागच्या रानातलं असावं.